आधी काच, मग कागद

सबनीस मॅडम गेल्याचं फोनवर कळलं, तेव्हा मी आधी फोन करणाऱ्याचीच उलटतपासणी घेतली. आमच्याकडे फोन नाही, शेजारच्या जशुबेनकडे येतो. त्यांनी गॅलरीतून हाक मारली, "सुनंदाबेन, तमारो फोन!" आणि मी तव्यावरची पोळी तशीच टाकून गेले. पलीकडे पुरुषाचा आवाज. "ताई गेली," म्हणाला. मी म्हटलं, कोणाची ताई? कुठून बोलताय? तो म्हणाला, मी माधव, विमलताईचा धाकटा भाऊ, कालच पुण्याहून आलोय. मी म्हटलं, भाऊ असाल, पण माझा नंबर तुम्हाला दिला कुणी? त्या बिचाऱ्याचा आवाज फुटला. "अहो, तिच्या टेबलावर लिहिलेला होता... सकाळी चहा घेता घेता गेली हो. हार्ट." तेव्हा कुठे मी जशुबेनच्या झोपाळ्यावर बसले. त्यानंतर दोन-तीन दिवस मला स्वतःचाच राग येत राहिला. बहिणीच्या मरणाची बातमी देणाऱ्याला कुणी असं झाडतं का? पण हे शिकवलं कुणी मला? त्याच बाईनं ना! "कुणीही येऊन काहीही सांगेल, सुनंदा. आपण आधी विचारायचं, तू हे कशावरून म्हणतोस?" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की त्यांच्या मरणालाही मी तेच विचारलं.

डॉ. विमल सबनीस म्हणजे सुरतेतल्या, रिंग रोडच्या आतल्या बाजूच्या एका जुन्या इमारतीतल्या दोन खोल्यांच्या पॅथॉलॉजी लॅबच्या मालकीण. ऑपरेशनमध्ये काढलेला मांसाचा तुकडा त्यांच्याकडे यायचा आणि त्यात काय आहे ते मायक्रोस्कोपखाली बघून त्या सांगायच्या. नवरा सुरतेत नोकरीला होता म्हणून त्या इथं आल्या, तो लवकर गेला आणि त्या इथंच राहिल्या. संशय हा त्यांच्या अंगात मुरलेला होता, लोणच्यात मीठ मुरावं तसा. दूधवाल्यासमोर दुधाचा थेंब नखावर घेऊन बघायच्या. भाजीवाल्याचा तराजू आधी रिकामा धरायला लावायच्या. लॅबचं कुलूप ओढून बघायच्या, जिना उतरायच्या, परत चढून ओढून बघायच्या. मी कोर्स करून त्यांच्याकडे टेक्निशियन म्हणून लागले तेव्हा पहिले काही महिने मला वाटायचं, ही बाई मला चोर समजते. मी तुकडा बसवलेला मेणाचा ठोकळा कापत असले की मागं येऊन उभ्या. काचेवर नंबर कोरत असले की मागं उभ्या. एकदा मी भडकले आणि म्हटलं, "मॅडम, विश्वास नसेल तर सांगा, मी उद्यापासून येत नाही." त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "विश्वास आहे म्हणूनच नुसती उभी आहे. नसता तर मीच कापलं असतं." मी पुढचा ठोकळा घेतला.

त्यांची एक पद्धत मी दुसऱ्या कुठल्याच लॅबमध्ये पाहिली नाही. प्रत्येक तुकड्याबरोबर एक कागद येतो: पेशंटचं नाव, वय, तक्रार काय, सर्जनला काय वाटतं. सगळे डॉक्टर तो आधी वाचतात आणि मग मायक्रोस्कोपला डोळा लावतात. मॅडमचं उलटं. तयार काचा ट्रेमध्ये ठेवायच्या, कागद बाजूला पालथे घालायचे आणि तोंडातून एक शब्द काढायचा नाही. त्या आधी काच बघणार, मनाशी ठरवणार आणि मगच कागद उलटणार. "कागद वाचला की डोळ्याला जे सांगितलंय तेच दिसायला लागतं," त्या म्हणायच्या, "सर्जन लिहितो साधी गाठ, की आपल्यालाही साधीच गाठ दिसते. मला कुणाची भीड नको." सर्जन लोक हसायचे. एक तर बाई, त्यात नको तेवढी संशयी! विशेषतः प्रोस्टेटचे तुकडे असले की काही डॉक्टर माझ्यासमोर नावसुद्धा घ्यायचे नाहीत, "ती पुरुषांची गाठ" म्हणायचे. मॅडमना असला संकोच नव्हता. मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली ती सुपारीएवढी ग्रंथी त्यांनी मला पहिल्या वर्षातच समजावून दिली होती. चांगली असते तेव्हा काचेवर कशी दिसते, तर गुलाबी स्नायूंमध्ये मोकळ्या मोकळ्या, आतून चुण्या पडलेल्या नळ्या, आणि प्रत्येक नळीची भिंत दोन पदरी: आत उंच फिकट पेशींचा पदर, बाहेर चपट्या पेशींचा. उतारवयात गाठ वाढते, नळ्या फुगतात, एकमेकींना रेटतात, लघवीची वाट अडते, पण तो दुसरा पदर टिकून असतो. कॅन्सर आला की बारीक बारीक नळ्या दाटीवाटीनं कुठेही घुसतात आणि बाहेरचा पदर गेलेला असतो. "पदर बघ, सुनंदा. बाकी सगळं फसवतं." हे त्या मला सांगायच्या तेव्हा मला कुठं माहीत होतं की एक दिवस हे माझ्याच घरी येणार आहे...

सुरतेत प्लेग आला, त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. कामगारांच्या दवाखान्यातून नेहमीसारख्या बाटल्या आल्या. मी एकेक उचलून चिठ्ठी वाचत होते आणि एका बाटलीवर हात थांबला. भटू राघो पाटील, वय चाळीस, पांडेसरा. माझे काका! माझे वडील हिरामण, आम्ही त्यांना नाना म्हणतो, आणि हे त्यांचे धाकटे भाऊ. शिरपूरच्या बाजूचं आमचं गाव. दोघं भाऊ सुरतेत येऊन पांडेसऱ्यात एकाच चाळीत राहायचे, माझी आई गावी, मी लग्न होऊन सुरतेतच डिंडोलीला. काकाला प्रोस्टेटचं काही झालंय आणि घरात मला कुणी बोललं नाही? नाना तर तेव्हा गावी गेले होते, म्हणजे मला तसं सांगितलं होतं. मी मॅडमकडे धावले. "मॅडम, ही एक बाटली..." त्यांनी हात वर केला. "काही सांगू नकोस. काच आण." मी दात-ओठ खाल्ले. पण एवढी वर्षं त्यांच्या हाताखाली काढल्यावर नियम मोडायची छाती नव्हती. मी तुकडे मेणात बसवले, कापले, जांभळा-गुलाबी रंग दिला, नंबर कोरला आणि इतर काचांमध्ये त्या काचा ठेवून दिल्या.

दुसऱ्या दिवशी मॅडम बघायला बसल्या आणि मी कोपऱ्यात उभी राहिले, हातातलं काम नुसतं नावाला. त्या काचेवर त्या आल्या आणि थांबल्या. काच सरकवली, परत मागं आणली. मोठी भिंगं लावली. "अरेरे," म्हणाल्या. "इथं आहे. एकपदरी, दाटीवाटीनं, आणि हे बघ, मज्जातंतूभोवती वेटोळं घालून बसलंय. हा कॅन्सरच." मी भिंतीला टेकले. पण त्या अजून बघतच होत्या, आणि आता त्यांच्या कपाळावर ती आठी आली जी मला चांगली ओळखीची होती. "हा माणूस पन्नाशीच्या पुढचा असणार. सगळीकडे जुनी वाढलेली गाठ आहे, नळ्यांत ते गुलाबी चकत्यांचे खडे खच्चून भरलेत. आणि याचं आधी एकदा ऑपरेशन झालंय." मी विचारलं, काचेवरून कसं कळलं? "हा मेलेल्या पेशींचा पट्टा, त्याच्याभोवती या पेशी उभ्या राहिल्यात, कुंपण घातल्यागत. लघवीच्या वाटेनं दुर्बीण घालून कुणीतरी ही गाठ पूर्वी खरवडलीय. त्याचीच ही खूण." मग त्यांनी कागद उलटला. वय चाळीस. यापूर्वी शस्त्रक्रिया: नाही. त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं. "सुनंदा, काचा बदलल्या का?"

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. "मॅडम, तो माझा सख्खा काका आहे! मी त्याच्या काचा बदलेन?" वाटलं होतं, हे ऐकून तरी त्या वरमतील. छे! त्यांची आठी आणखी खोल गेली. "काका आहे? मग तर बघायलाच हवं. माणूस आपल्या माणसासाठी काहीही करतो." मी रडायला लागले, रागानं. त्यांनी मला रडू दिलं आणि मग म्हणाल्या, "झालं? बाटलीत उरलेले तुकडे काढ." त्यांच्या नजरेसमोर मी नवे ठोकळे केले, त्यांच्या नजरेसमोर कापले. नव्या काचांत तेच: तीच एकपदरी दाटी, तेच कुंपण. मॅडमनी खुर्ची मागं सरकवली. "तू बदललं नाहीस. माफ कर." एवढंच, आणि लगेच पुढं, "म्हणजे बाटली तरी खोटं बोलतेय किंवा माणूस." त्यांनी सर्जनला फोन लावला. फोनमधला सर्जनचा आवाज मला लांबून ऐकू येत होता, "बेन, रिपोर्ट आपो ने!" द्या ना रिपोर्ट. आतून कसं दिसलं, आधी हात लागल्यासारखं वाटलं का, हे मॅडमनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा ते म्हणाले, जरा वेगळं वाटलं खरं, पण पेशंटच नाही म्हणतो तर मी काय करू? मॅडमनी विचारलं, आणि चाळिशीचा माणूस म्हातारा दिसत नव्हता का? त्यावर ते जे बोलले ते मी अजून विसरले नाही. म्हणाले, बेन, कापड रंगवायच्या डाइंग हाउसच्या वाफेत काम करणारा प्रत्येक जण म्हातारा दिसतो, मी कुणाकुणाचं वय विचारू?

मॅडमनी रिपोर्ट दिला नाही. मी मात्र संध्याकाळी तडक पांडेसऱ्याला गेले. काका ओट्यावर बसून सुपारी कातरत होते. मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, काका, मला सगळं कळलंय, तुमचे तुकडे माझ्याच हाताखालून गेले, चांगलं नाही ते... काकांचा चेहरा पांढराफटक पडला. माझ्याकडे न बघता ते वर, माळ्याकडे बघायला लागले. "कोनले सांगू नको, सुनंदा," एवढंच म्हणाले. मला वाटलं, घाबरलेत. काकूला वेगळंच वाटत होतं. तिनं मला मोरीत ओढून नेलं आणि कानात म्हणाली, हे मध्यंतरी रोज डबा घेऊन कुठंतरी जायचे, विचारलं की खेकसायचे, तुला सांगते बाई, यांचं बाहेर काहीतरी आहे. मी वैतागून म्हटलं, काकू, त्यांना कॅन्सर आहे आणि तू काय घेऊन बसलीस! ती जी मटकन खाली बसली, ती उठेचना. मी तिला पाणी पाजलं आणि तशीच घरी आले. त्या घरात कुणीतरी काहीतरी लपवतंय हे मला कळत होतं, पण काय, ते काही केल्या सुचत नव्हतं.

मी हे मॅडमना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका वर माळ्याकडे का बघत होते?" आता मला काय माहीत! पण रविवारी त्या माझ्याबरोबर यायला निघाल्या. पांडेसऱ्याला, रिक्षातून, स्वतःच्या पाण्याची बाटली पिशवीत घेऊन. रस्त्यात मला वाटत होतं, ही बाई अजूनही मलाच पकडायला निघालीय. चाळीत गेल्यावर काकूनं चहा ठेवला, शेजारच्या बायका दारात जमल्या, काकांनी शर्ट चढवला. मॅडमनी चहाला हातही लावला नाही. काकांना समोर बसवून विचारलं, "ऑपरेशननंतर लघवीची नळी कधी काढली?" काका म्हणाले, काढली ना. "कधी?" काका काकूकडे बघायला लागले. "लघवीतून रक्त किती दिवस गेलं?" काका म्हणाले, "नाही, रक्त नाही गेलं." "थेंबभरही नाही?" "नाही." मॅडम म्हणाल्या, "मग भटूभाऊ, ऑपरेशन तुमचं झालेलं नाही. या ऑपरेशननंतर रक्त जात नाही असा माणूस मी बघितलेला नाही. खरं सांगा, कुणाचं झालं?" काकांनी मान खाली घातली. आणि तेवढ्यात माळ्याच्या शिडीवर पाय दिसले. धोतर, त्याखाली निळा रंग नखांत बसलेले पाय. गावी गेलेले माझे नाना वरून उतरत होते, कठडा धरून, एकेक पायरी. खाली येऊन ते मॅडमसमोर उभे राहिले. "बाई, ते मनं शे. भटूनं नही." ते माझं आहे, भटूचं नाही.

मग सगळं उलगडलं. डाइंग हाउसची पक्की नोकरी काकांची होती. त्यांना कापड विणायच्या लूमवर जास्त बरं वाटलं म्हणून ते तिकडे गेले आणि गावाहून आलेले नाना त्यांच्या जागी, त्यांच्याच नावावर कामाला लागले. आमच्या खानदेशी माणसांत हे किती घरांत असेल! एक जण लागतो, दुसरा त्याच्या नावावर राबतो, मुकादमाला ठाऊक असतं, तो बोलत नाही, आणि आपण तर घरातसुद्धा विचारत नाही. मी आपली समजत होते की दोघंही एकाच गिरणीत आहेत. गिरणीत नाना भटू, पगाराला भटू, आणि लघवी तुंबली तेव्हा दवाखान्यातही भटूच झाले. मला आणि आईला खरं सांगायची लाज, म्हणून मला सांगितलं गावी जातो, आईला कळवलं सुरतेतच आहे. काकूला तर दोघांनी मिळून फसवलं: आधी नाना गावी गेलेत, मग तापानं परत आलेत, माळ्यावर पडू दे, सुनंदाला सांगू नको. डबा घेऊन काका जायचे ते भावाकडे. नाना म्हणाले, खरं बाहेर पडलं तर भटूची नोकरी जाईल, फंड जाईल, दोघांवर केस होईल. त्यापेक्षा दवाखान्यानं परत बोलावलं तरी जायचंच नाही, असं दोघांचं ठरलं होतं. मला त्या क्षणी कळलं ते एवढंच, की मॅडमनी कागद बघून मुकाट्यानं रिपोर्ट देऊन टाकला असता तर तो भटू पाटील या नावाच्या फायलीत जाऊन पडला असता, आणि माझा बाप माळ्यावर बसून मेला असता. कुणाला कळलंही नसतं कशानं गेला ते.

मॅडमनी त्यांना दोन गोष्टी विचारल्या. पहिली, हे पूर्वी कुठं खरवडलं होतं? नाना म्हणाले, कुठंच नाही. मला एकदम आठवलं. काही वर्षांपूर्वी नाना धुळ्याला जाऊन आले होते, मूतखडा काढला म्हणून. आल्यावर गावभर सांगत होते, दुर्बिणीतून काढला, अंगावर एक टाका नाही! मी तसं म्हटल्याबरोबर नाना माझ्यावर खेकसले, "खडाच व्हता तो!" मग दुसरी गोष्ट, "आता तुम्ही तुमच्या नावानं दवाखान्यात याल का?" नाना म्हणाले, बाई, तुम्ही कागदावर भटूच लिहा ना, तुमचं काय जातं? मॅडम ताडकन उठल्या. "खोटं मी लिहिणार नाही. खोट्या नावाच्या माणसाला खरं औषध कोण देईल?" शेवटी त्यांनी दवाखान्याला कळवलं की हे तुकडे कागदावरच्या माणसाचे वाटत नाहीत, ओळख पटल्याशिवाय या नावावर कसलाही उपचार करू नये. त्यांनी नानांचं नाव फोडलं नाही, आणि खोटंही लिहिलं नाही. नानांना त्यांनी शहरातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात, हिरामण पाटील म्हणूनच पाठवायचं ठरवलं. गिरणीचं काम नानांनी सोडलं. आणि सोडल्यापासून त्यांचा मॅडमवर दात. "तुझ्या बाईनं माझी भाकरी घालवली," हे मी रोज ऐकायचे.

पण पुढचं तर त्याहून अवघड होतं. नव्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, फोटो काढले आणि सांगितलं, वृषणं काढावी लागतील, हा रोग पुरुषाच्या रसावरच पोसतो. नाना उठून चालते झाले. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजले. आई गावाहून आली, तिच्याशीही बोलेनात. मग एक दिवस स्वतःच माझ्यामागं लॅबमध्ये येऊन उभे राहिले. टोपी, धोतर, आणि नाकावर राग. मॅडमना म्हणाले, "बाई, तुम्ही काचेत बघितलं म्हणता. मला दाखवा. जे मी बघितलं नाही त्याच्यासाठी मी माझं पुरुषपण कापून देणार नाही." मला वाटलं, आता मॅडम यांना हाकलणार. मॅडम काय म्हणाल्या माहितेय? "बरोबर आहे तुमचं. मीही नसतं दिलं." आणि स्वतःची खुर्ची त्यांना दिली.

आधी त्यांनी एका निरोगी ग्रंथीची काच लावली, मग नानांची. नाना बराच वेळ एका डोळ्यानं, मग दुसऱ्या डोळ्यानं बघत राहिले. मग मान वर करून म्हणाले, "हा रंग कोणी घातला?" मी म्हटलं, मी. "म्हणजे रंग तुम्हीच घातला, आणि जांभळं जास्त चढलं म्हणून तुम्हीच रोग म्हणता? बाई, रंगात मी जन्म घालवला. पाणी जरा तापलं की छटा बदलते." मॅडमना राग नाही आला. त्यांना असा संशय घेणारा माणूस मनापासून आवडायचा. त्या म्हणाल्या, "रंग सोडून द्या. ही एकच काच आहे, एकाच भांड्यात बुडवलेली. डावीकडे बघा. नळीची भिंत दोन पदरी आहे की नाही?" नाना म्हणाले, आहे. "आता उजवीकडे सरकवते. बाहेरचा पदर दाखवा मला." नाना शोधत राहिले. त्यांनी काच स्वतः पुढं-मागं करायला मागितली. मॅडमनी त्यांचा हात धरून बटणावर ठेवला आणि काच कशी फिरवायची ते शिकवलं. बऱ्याच वेळानं नाना म्हणाले, "नाही. एकपदरीच आहे." मग त्या मज्जातंतूवर आल्या. नानांनी ते वेटोळं बघितलं आणि डोळा बाजूला घेतला. "हे सगळं माझ्या आत?" मॅडम म्हणाल्या, हो. "आणि हे कुंपणासारखं?" आता मॅडमचा आवाज अगदी हळू झाला. "हे धुळ्याचं, पाटील." नाना उठले. "धुळ्याला खडा काढला," म्हणाले आणि टोपी नीट करून निघून गेले. पण दुसऱ्याच आठवड्यात ते ट्रस्टच्या दवाखान्यात आपण होऊन भरती झाले.

ऑपरेशन झालं. नाना वाचले. नंतरची सगळी वर्षं मॅडमनी मला एक प्रश्न विचारायचं सोडलं नाही. चहा घेताना, बिलं काढताना, मध्येच. "सुनंदा, नाना धुळ्याचं काही बोलले?" मी म्हणायचे, नाही हो मॅडम, खडाच म्हणतात. त्या चिडायच्या. "काच खोटं बोलत नाही. मला माहितेय मी बरोबर आहे. पण माणसानं एकदा तोंडानं हो म्हणावं की नाही? त्याशिवाय मला कसं कळणार, की मी बघितलं ते खरंच तसं होतं?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं. नंतर नाही आलं. सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या या बाईचा सगळ्यात मोठा संशय स्वतःच्याच डोळ्यांवर होता. रोज किती माणसांचं मरण-जगणं त्या त्या डोळ्यांनी ठरवायच्या, आणि तुम्ही बरोबर होता, असं सांगायला कोण परत येतं? बरे झालेले येत नाहीत, गेलेले तर नाहीतच. मी नानांच्या मागं लागून बघितलं, एकदा भांडलेसुद्धा. नाना म्हणायचे, तुझ्या आईला खडा सांगितलाय, आता ह्या वयात काय सांगू? आणि मॅडम गेल्या, तो प्रश्न तसाच ठेवून. शेवटची भेटही तशीच साधी: शनिवारी निघताना त्यांनी कुलूप ओढून बघितलं, मला म्हणाल्या, "सोमवारी लवकर ये, काचा बऱ्याच आहेत." सोमवार आलाच नाही.

मॅडमच्या तेराव्याला मी निघाले तर नाना दारात तयार. धुतलेलं धोतर, दाढी केलेली. आई म्हणाली, तुम्ही कशाला? ते आईलाच म्हणाले, तूही चल. रस्त्यात मला वेगळीच धाकधूक, तिथं कुणी नाव विचारलं तर नाना कोणतं सांगतील? पांडेसऱ्यात अजून कुणी "ओ भटूभाई" म्हटलं की नाना वळून बघतात, इतकी वर्षं त्या नावानं काढलीत. मॅडमच्या फ्लॅटमध्ये त्यांचा भाऊ माधव दाराशी उभा होता. सुरतेत तो कुणालाच ओळखत नव्हता, प्रत्येकाला विचारत होता. नानांनाही त्यानं विचारलं, "आपण?" नाना सरळ आत गेले. मॅडमच्या फोटोसमोर टोपी काढून उभे राहिले. आई माझ्या शेजारी. आणि मग त्या भरल्या खोलीत, गिरणीच्या आवाजावरून बोलायची सवय असलेल्या त्या मोठ्या आवाजात ते म्हणाले, "हिरामण राघो पाटील. वय साठ. बाई, धुळ्याला खडा नव्हता. तुम्ही म्हणालात तेच होतं."